मी घासलेलं ताट

आमच्या घरात माझ्या ताटातच बायको जेवायची. मी उठलो की त्याच ताटात तिची भाकरी-कालवण. तिची सासू तसंच करायची, म्हणून तीही. चाळीस वर्षं हे चाललं आणि मी त्याचा कधी विचार केला नाही. मग एका दिवशी मी जेवून उठलो, ताट मोरीत नेलं आणि स्वतः घासून पालथं घातलं.

घरात, पाव्हण्यारावळ्यांत सगळे धरून चालले की म्हातारीनं भांडून नवऱ्याचं ताट वेगळं केलं. सून म्हणाली, आईंचा स्वभाव ऑपरेशनपासून बिघडलाय. मी ऐकून घेतलं. ते खोटं होतं, आणि ते खोटं मी दोन वर्षं चालू दिलं, म्हणून हे लिहितो आहे.

निवृत्त झाल्यावर एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला परजिल्ह्यात गेलो होतो. लॉजवर उतरलो. तिथे मी एका बाईकडे गेलो. कुणी नेलं नाही, कुणी पाजली नाही. त्याच्या आधी सहा महिने बायकोची गर्भपिशवी काढली होती, पण ते कारण मी पुढे करणार नाही.

घरी आल्यावर आठवडाभर ठीक होतो. मग अंगात कणकण आली. आरशात जीभ बघायला लागलो. मानेच्या गाठी चाचपायला लागलो. पडवीत अंथरूण घातलं आणि ताट वेगळं केलं. जेवणातून एड्स पसरत नाही, असं लिहिलेल्या शाळेतल्या तक्त्याला मीच खिळे ठोकले होते. तरीही.

तीन आठवड्यांनी नगरला एका लॅबमध्ये रक्त दिलं. नाव विचारलं तेव्हा तोंडातून माझ्या थोरल्या भावाचं नाव गेलं. तो वारून बारा वर्षं झाली होती. रिपोर्ट निगेटिव्ह आला. एसटी स्टँडवर बसून वाचला आणि हलकं वाटलं, ते राहुरी येईपर्यंत टिकलं. राहुरीला वाटलं, हा कागद माझा कुठे आहे?

मी शाळेत क्लार्क होतो. दाखले लिहिण्यात जन्म गेला. नावात फरक दिसला की सोनईहून चालत आलेल्या बापालाही मी परत पाठवलेलं आहे. नाव जुळत नाही, तो दाखला त्या माणसाचा नाही, हे माझ्या हाडांत बसलेलं. आता माझ्या हातात मेलेल्या माणसाचा दाखला होता. त्याला रोग नव्हता हे खरंच.

चार महिन्यांनी श्रीरामपूरला गेलो. पुन्हा भावाचं नाव दिलं. निगेटिव्ह. वर्ष उलटल्यावर संगमनेरला, तिथे मेव्हण्याचं. निगेटिव्ह. प्रत्येक वेळी दोन-चार दिवस बरे जायचे, मग वाटायचं, बाटल्या बदलल्या असतील. वजन आठ किलो उतरलं. ते काळजीनं उतरतंय हे कळत नव्हतं. उतरतंय म्हणून काळजी वाढत होती.

एका दुपारी मी ताट घासत होतो. बायको मागे येऊन उभी राहिली.

"अहो, एक इचारू?"

"विचार."

"पिशवी काढल्यापासनं तुमाला माझी किळस येती, न्हवं? तसं असंल तर सांगा. मी भावाकडं पुणतांब्याला जाऊन ऱ्हाते."

मी ताटावर पाणी ओतत राहिलो. "तसं काही नाही," एवढंच म्हणालो. ती आत गेली. आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सरकारी दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत गेलो. समुपदेशन करणारी बाई माझ्या मुलीपेक्षा लहान. या वेळी खरं नाव सांगितलं, आधार कार्डही टेबलावर ठेवलं. ते तिनं मागितलं नव्हतं. मग सगळं सांगितलं, तिन्ही रिपोर्टांसकट.

"बाबा, नगरची तपासणी फार लवकर केली तुम्ही," ती म्हणाली. "तीन महिने व्हायला हवे होते. पण श्रीरामपूरचं आणि संगमनेरचं पक्कं होतं. त्यानंतर कुठे गेला होता का?"

"नाही."

"मग तेव्हाच सुटला होता तुम्ही. रक्त तुमचंच होतं ना? नावानं काय होतंय?"

मी म्हणालो, "बाई, नावानंच होतं सगळं."

ती हसली, पण थट्टेनं नाही. तिथेही रक्त दिलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. नाव माझं. तिनं सांगितलं, "आता पुन्हा तपासावंसं वाटलं तर रक्त द्यायला जाऊ नका. माझ्याकडे बोलायला या."

घरी आलो तेव्हा बायकोची ट्रंक भरून पडवीत माझ्या अंथरुणाशेजारी ठेवलेली होती. मी ट्रंकेवर चारही कागद ठेवले आणि बायकोला सांगितलं. लॉज, बाई, ताट, सगळं. ती रडली नाही. म्हणाली, "म्हंजी मला वाटलं माझ्यात खोट हाय. दोन वरसं मला वाटू दिलं तुमी."

"हो."

"आन् सुनंम्होरं बी गप ऱ्हायला."

"हो."

मग म्हणाली, "उद्या मला न्या तितं."

"अगं, मला काही नाही, म्हणजे तुलाही नाही. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय."

"तुमचा कागद तुमच्यापाशी. माझा मला बघू द्या."

समुपदेशन करणाऱ्या बाईनं तिलाही तेच समजावलं, गरज नाही म्हणून. ही म्हणाली, "व्हय, पन घ्या रगत." कागद हातात आल्यावर तिनं एकच विचारलं, "नाव माझंच हाय न्हवं?" घडी करून पानाच्या चंचीत घातला. पुन्हा कधी काढून बघितल्याचं मी पाहिलं नाही. तिला एकदा बघणं पुरलं.

मला अजून पुरत नाही. खोकला आला की हात मानेकडे जातो. मग मी कपाटातून माझा रिपोर्ट काढतो, नाव वाचतो, तारीख वाचतो आणि परत ठेवतो. दवाखान्यातल्या बाईंकडे दोनदा बोलायला गेलो, रक्त मात्र दिलं नाही.

ती पुणतांब्याला गेली नाही. सुनेला काय सांगायचं ते मीच सांगितलं. पण बायकोनं आता स्वतःसाठी ताट घेतलं आहे, काठाला नाव कोरून आणलं आहे. ती माझ्याबरोबरच बसून जेवते, मागून नाही. माझं ताट मीच घासतो. एकदा तिचं घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. माझं मी बघते."