जिवतीचा खिळा

काल जिवतीची अमावस्या होती. बाबा देवरीहून पहिल्या बसने गोंदियाला माझ्या भाड्याच्या खोलीवर आले... पिशवीत हातोडी आणि खिळ्यांची पुडी.

आम्ही लोहार. जिवतीला घरोघरी दाराच्या चौकटीत खिळा ठोकायचा, घराची राखण व्हावी म्हणून, हा आमचा मान. पण माझ्या खोलीची चौकट निघाली लोखंडी. बाबांनी दोनदा ठोकून पाहिलं, खिळा वाकला. "गावातबी आता अशाच चौकटी लावून राहिले सारे," एवढंच म्हणाले आणि हातोडी-पुडी पिशवीत टाकून खुर्चीवर बसले.

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, चला, यांना आपलं काम दाखवू.

मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आणि उरलेल्या वेळात एका ग्रुपबरोबर मॉड करते. मॉड म्हणजे मूळ गेममध्ये हौशी लोकांनी केलेला बदल. आमच्या मॉडमध्ये मध्ययुगातली राज्यं आहेत, किल्ले आहेत, लढाया आहेत... आणि नकाशावर कुठे काय पिकवायचं, कुठे काय खणायचं, हे मांडणं माझ्याकडे आहे.

पहिल्यांदा नकाशा उघडला तेव्हा आमच्या भागात हत्ती होता आणि लाकूड होतं. बस्स. राग आला, खरंच आला... जणू इथे माणसं राहतच नव्हती.

आमच्या गावाबाहेर जुन्या भट्टीची जागा होती. पूर्वज डोंगरावरचा दगड फोडून आणायचे आणि मातीच्या भट्टीत कोळशावर तापवून त्यातलं लोखंड काढायचे. मागे राहिलेल्या काळ्या, जड चोथ्याचा मोठा ढीग होता, लहानपणी आम्ही त्यावर घसरगुंडी करायचो. मग रस्त्याचं काम निघालं आणि तो सगळा ढीग भरावात गेला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

म्हणून नकाशावर आमच्या भागात लोखंडाची खाण हवी, यासाठी मी ग्रुपशी भांडले. पुरावा काय, असं सगळे विचारत होते. आमच्या अंगणात त्या चोथ्याचे काही तुकडे पडले होते, त्यांचे फोटो पाठवले, जुनी वर्णनं शोधून दिली... महिनोन्‌महिने गेले यात. शेवटी मागच्या आठवड्यात खाण नकाशावर आली.

"बाबा, हे बघा. आपली खाण."

ते स्क्रीनजवळ वाकले. बराच वेळ बघत होते.

"याचा पैसा कोनाले भेटते?"

"जो किल्ला जिंकेल त्या राजाला."

"अन् भट्टीवाल्याले?"

गेममध्ये तशी सोयच नाही हो... खाण असते, राजा असतो, खजिना असतो. खणणारा नसतो.

"म्हंजे तवाबी तसंच, अन् तुह्या खेळातबी तसंच," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

खाणीच्या चिन्हावर क्लिक केलं की माहितीची एक छोटी चौकट उघडते. ती अजून रिकामी होती. मी त्यांच्यासमोरच टाइप केलं... 'खाण राजाची. लोखंड काढणारे लोहार. आजही जिवतीला ते दारोदारी खिळा ठोकतात, घरं सुखरूप राहावीत म्हणून.' मोठ्याने वाचून दाखवलं.

"अजून एकदा वाच," म्हणाले. वाचलं.

मग उठले, पिशवीतून हातोडी काढली. मला वाटलं पुन्हा दाराकडे निघाले. पण बाबा माझ्या कॉम्प्युटरच्या टेबलापाशी खाली बसले आणि त्याच्या लाकडी पायात खिळा ठोकला. एकदम सरळ बसला.

"आपली भट्टी आता इथंच हाये ना," म्हणाले. "मंग राखन नोको?"

टेबल घरमालकीण काकूंचं आहे. काकू ओरडतील, ओरडू देत... खिळा मी काढणार नाही.