पोथीतला धनी

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. चिखलीजवळच्या उंद्रीत आमचे बाबा वांगी-मिरची पिकवायचे आणि श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी सांगायचे. आधी ओवी म्हणायची, मग आपल्या बोलीत तिचा अर्थ. मळ्याला पाणी मात्र गावातल्या सर्वांत मोठ्या शेतकऱ्याच्या विहिरीचं. सगळे त्यांना मालक म्हणत.

त्या वर्षी मालक ग्रामपंचायतीला उभे होते. एका सकाळी ते मळ्यात आले. मी आणि आई मिरच्या तोडत होतो.

"बुवा, आज इमानदार चाकराचा अध्याय हाये ना? धन्याशी इमान म्हंजे काय, ते लोकायले नीट समजावून सांगजा. मत कोणाले द्याचं, ते त्यायले आपोआप समजते."

बाबा नुसते "हाव" म्हणाले. मालक गेल्यावर आईनं विचारलं, "आता काय सांगसान?"

"पोथीत हाये ते."

संध्याकाळी देऊळ भरलं. मालक अगदी पुढे बसले. बाबांनी अध्याय वाचला. एक राजा चाकराला फितवायला सोन्याचं कडं देऊ करतो, मग तलवार दाखवतो. चाकर हात जोडून म्हणतो, माझा धनी दुसरा आहे. एवढं वाचून बाबांनी पोथी मिटली.

"हा धनी कुठं राह्यते? वाड्यात नाही. देवळातही नाही. आपण खोटं बोलाले लागलो का आतून जो 'नको' म्हणते ना, तो धनी. आपण झोपलो तरी तो जागाच असते. त्याले न इचारता दुसऱ्या कोणाले 'हो' म्हटलं, का झाली बेइमानी."

मालक उठले, चपला घालून निघून गेले. बायकांच्या घोळक्यात बसलेल्या आईनं माझा हात घट्ट धरला होता.

मालक निवडून आले. थोड्या मतांनी, पण आले. दिवाळी झाली आणि आमचं पाणी बंद झालं. बाबा विनवायला गेले नाहीत. शेजारच्या मळेवाल्यानं आपणहून पाण्याचा दांड काढून दिला, तरी त्याच्या विहिरीत पाणी ते किती! निम्मी झाडं वाळली.

पुढच्या श्रावणात मालकांनी देवळात दुसरा वाचक बसवला, तेव्हा लोक आमच्या ओसरीवर जमू लागले. एकदा मालकीणबाईही आल्या. मागे, दाराशी बसल्या, आरती घेऊन गेल्या. बाबांनी त्यांच्याकडे पाहून काही वेगळं सांगितलं नाही, की काही गाळलं नाही.

त्याच दिवसांत आई चिखलीच्या बाजारात वांगी घेऊन बसली होती. एका अनोळखी बाईनं विचारलं, "ते उंद्रीचे पोथीवाले तुमच्या वळखीचे हायेत का?"

आईनं पदर सारखा केला आणि ती साऱ्या ओळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "वळखीचे काऊन? आमच्या घरचेच हायेत!"