माईंची अर्धी साडी

या ग्रुपवर मी नुसती वाचत असते. तुम्ही लोक भुताखेतांचे काय काय अनुभव लिहिता, ते वाचून मी सुनेला म्हणते, रात्री जास्त जेवलं की असलं दिसतं. अजूनही माझं तेच मत आहे. पण हे माझ्याबाबतीत घडलं, तेही भर दुपारी, पंख्याखाली... म्हणून लिहिते.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे, सुरतेत लिंबायतला राहतो. आमच्या गल्लीत बायका घरी धागा कटिंग करतात – भरतकाम झालं की साडीच्या उलट्या बाजूला धागे लोंबतात, ते छोट्या कातरीने कापायचे. गल्लीतल्या माईही तेच करायच्या, आणि कापता कापता देवाचं बोलायच्या. आम्ही आपापले गठ्ठे घेऊन त्यांच्या खोलीत बसायचो. मी शाळा पाहिलेली नाही. साडीच्या खोक्यांवरची अक्षरं लावून लावून वाचायला शिकले, पुढचं माईंनी माझ्याकडून वाचून घेतलं. हे उपकार कुठे फेडू?

माईंच्या दोन सवयी सांगते. साडीची घडी घालताना त्या काठ आत ठेवायच्या, घासू नये म्हणून. व्यापाऱ्याला काठ बाहेर दिसायला हवा, त्यामुळे रोज बोलणी खायच्या. आणि संध्याकाळी उठताना एक साडी मुद्दाम अर्धी ठेवायच्या. मी सगळं उरकलं की अहिराणीत चिडवायच्या, "सरनं का काम? मंग सकाय काय करशी?" सगळं आजच संपवलं तर उद्या काय करशील, उद्या हाताला बसायला जागा पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

संसारातल्या भक्तीवर त्या पुस्तक लिहीत होत्या. शेवटच्या प्रकरणात "आणि म्हणून बायांनो," इथपर्यंत आल्या आणि आजारी पडल्या. जाण्याआधी माझा हात धरून म्हणाल्या, "तू हाई पुरं कर." मी हो म्हणाले. पण माईंच्या वाक्यापुढे माझं वाक्य? वर्षानुवर्षं धीरच झाला नाही.

शेवटी माझी सून वर्षा हिने सगळं टाइप करून काढलं. प्रेसवाल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल हवी होती. तेव्हा कुठे मी शेवट लिहिला, चांगला पानभर, खाली 'ग्रंथ संपूर्ण' वगैरे.

"मम्मी, एकदम भारी," वर्षा म्हणाली. "माईच बोलतात असं वाटतं."

तेच तर मला टोचत होतं. त्यांच्या तोंडी माझे शब्द, आणि वाचणारीला कळणारही नाही. पण शब्द दिला होता ना.

त्या दुपारी मी माझा गठ्ठा उरकून बांधला आणि चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर खिडकीखाली एक साडी. काठ आत. उघडून पाहिली – अर्ध्यापर्यंत धागे स्वच्छ कापलेले, पुढे सगळे लोंबत होते.

"वर्षा, ही तू ठेवलीस?"

"मी लॅपटॉपवरून उठलेच नाही, मम्मी."

दाराला आतून कडी होती. ती मी स्वतः काढली, शेठकडचे जिग्नेशभाई माल न्यायला आले तेव्हा. त्यांनी गठ्ठा मोजला. माल पुरा.

"मासी, आ साडी मारी नथी. आ डिझाइन तो क्यारनी बंध थई गई." साडी त्यांची नव्हतीच, ती डिझाइन म्हणे कधीच बंद झालेली. मग घडीकडे बघून हसले, "आवी घडी वाळशो तो शेठ मने मारशे."

ते गेल्यावर मी साडी मांडीवर घेऊन बसले. चहा उतू गेला होता. भीती? अजिबात नाही. खूप दिवसांनी कोणी चिडवावं तसं वाटलं... डोळे मात्र भरले.

वर्षाला म्हटलं, "मी लिहिलेलं पान पुसून टाक."

"मम्मी, सकाळी फाइल द्यायचीये!"

"मग दे की. माई थांबल्या तिथेच थांबव. पुढे कोरी पानं ठेव."

प्रेसवाला म्हणाला, लोकांना छपाईची चूक वाटेल. म्हटलं, वाटू दे.

पुस्तक निघालं. आता आम्ही गल्लीतल्या बायका ते मिळून वाचतो, आणि "आणि म्हणून बायांनो," आलं की जिला जे सुचेल ते ती बोलते. परवा एकजण म्हणाली, "आणि म्हणून बायांनो, कधीतरी चहा नवऱ्यालाही करू द्या." माई असत्या तर पोट धरून हसल्या असत्या.

साडी कुठून आली, मला माहीत नाही. वर्षाने पुष्कळ तर्क लावले, एकही बसला नाही. मी रोज दुपारी त्या साडीचे चार-दोन धागे कापते, काठ आत घालून घडी ठेवते. एका साडीला धागे असून असून किती असणार... पण अजून उरलेत.