पंख्याखालची नोकरी

बाबांना मी सांगून ठेवलं होतं की मी बचत गटाच्या ऑफिसात बसते. थोडं लिहिणं, थोडा कॉम्प्युटर, आल्यागेल्याशी बोलणं. पंखा मात्र माझ्या मनातही नव्हता. एकदा त्यांचा फोन आला तेव्हा आमचं मशीन शेजारीच धडधडत होतं. त्यांनी विचारलं, "कायचा आवाज होय वो माय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पंख्याचा, बाबा. जुना आहे." झालं. तेव्हापासून बाबा जातील तिथं तो पंखा सोबत नेऊ लागले. सगळ्यांना सांगायचे, माही पोरगी पंख्याखाली बसते.

बाबा ट्रक चालवतात, माझ्या जन्माच्या आधीपासून. आमचं गाव ब्रह्मपुरीकडचं, धानाचं. बाबा महिना महिना रस्त्यावर असायचे आणि आई दुसऱ्यांच्या बांधीत धानाची रोपं लावायची, रोवणा करायची. चिखलात वाकून वाकून तिची कंबर कायमची वाकली, पण तिनं मला कॉलेजात घातलं आणि वर टायपिंगलाही घातलं. आपली पोरगी चिखलात उतरू नये, एवढं एकच तिचं म्हणणं होतं. मग लग्न झालं आणि मी चामोर्शीच्या पुढं सासरी आले. इथं माझ्या टायपिंगला कोण विचारतो?

आमच्या बायकांच्या गटानं एक मशीन घेतलं होतं. मशीन म्हणजे डिझेलवर चालणारा पंप, दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेला. त्याला लांबच लांब पाइप आणि पाइपाच्या टोकाला गन. गनचा खटका दाबला की पाणी असं सुटतं की हातावर घेतलं तर चामडी सोलेल. सोबत पाण्याची टाकी आणि ग्रीस कापायचं औषध. हे सगळं तीनचाकी मालवाहू ऑटोत चढवायचं आणि बोलावतील तिथं जायचं. आमच्या रस्त्यानं लोहाचा दगड भरलेले ट्रक सारखे जातात. बिघडले की जंगलात असतील तिथंच बसतात. मिस्त्री येतो, खाली वाकून पाहतो आणि हात झटकून म्हणतो, आधी धुवा. त्याचंही खरंच आहे. ऑइल, ग्रीस आणि लाल धूळ मिळून बोटभर जाडीचा थर बसलेला असतो, शेणानं सारवल्यासारखा. गळतं कुठून, तुटलं काय, ते दिसावं कसं? मग तो आम्हाला फोन लावतो.

मशीन घेताना ठरलं होतं की धुवायला माणूस ठेवू. ठेवलाही. तो पहिल्याच पावसाळ्यात पळाला. मशीन अंगणात नुसतं उभं, आणि गटातल्या बाया एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसलेल्या. माझी मोठी जाऊ म्हणाली, "मी ऑटो चालवतो, पन खाली नाई घुसत बाप्पा." तेव्हा मी म्हटलं, मी घुसते. मोठी शूर! आजही कुणी विचारलं की तेव्हा तुला काय सुचलं, तर मला सांगता यायचं नाही. घरात गरज होती आणि मला गप्प बसवत नाही, एवढंच.

तेव्हापासून नवऱ्याचा जुना शर्ट घालायचा, तोंडाला ओढणी बांधायची, हातात खरवडायचा पत्रा घ्यायचा आणि ट्रकच्या पोटाखाली उताणं पडायचं. आधी खरवडायचं, मग ब्रशनं औषध चोपडायचं, ते मुरू द्यायचं आणि मग पाणी मारायचं. घाण तोंडावरच पडते. काम वाईट नाही, हे मला कळतं. चोरी नाही, लबाडी नाही. तरी कुणी ओळखीचं दिसलं की माझी मान आपोआप खाली जाते. बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावते आणि मी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय असं पाहत राहते. मला राग येतो. तिचा येतो, त्याहून जास्त माझा येतो.

माहेरी जायचं ठरलं की आदल्या दिवशी मी मेंदी काढायची. नखांच्या कडेचं काळं साबणानं निघत नाही, रॉकेलनं निघत नाही, बेसन-लिंबानंही निघत नाही. मेंदीच्या लाल रंगात ते तेवढं खपून जातं. आई चिडवायची, "दर बारीले मेंदी? नवी नवरी होय का वो तू?" बाबा काही बोलायचे नाहीत. वासाची मला धास्ती असायची. पण बाबांच्याच अंगाला जन्मभराचा डिझेलचा वास, त्यांना माझा काय येणार, असं मी धरून चालले होते. पायांना मात्र मेंदी काढत नव्हते, साडीखाली लपतात म्हणून. लग्नात याच पायांखाली पितळेची परात ठेवून बाबांनी ते धुतले होते. आमच्याकडे मायबाप लेकीचे पाय धुतात. टाचेची भेग अंगठ्यानं चोळत ते म्हणाले होते, "आता चिखलात नोको जाऊ माय." सगळा मांडव हसला होता, आणि मी रडले होते.

तर मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळीच मिस्त्रीभाऊंचा फोन आला. आष्टीकडं जंगलात एक भरलेला ट्रक बसलाय, मागच्या चाकांच्या धुऱ्यातून ऑइल गळून राह्यलं, लवकर या. आम्ही गेलो. ट्रकनं अर्धा रस्ता अडवला होता आणि मागं आणखी चार-दोन ट्रक थांबले होते. त्यांचे डायवर सागाच्या झाडाखाली काटक्या पेटवून शेकत बसले होते. बसलेल्या गाडीचा डायवर कुणाच्या तरी दुचाकीवरून ऑइल आणायला गेला होता. जाऊनं मशीन खाली उतरवलं, एक ड्रम भरून दिला आणि बाकीचं पाणी आणायला ती ऑटो घेऊन गावाच्या बोअरवर गेली. मी खाली शिरले, खरवडलं, औषध चोपडलं. ते मुरेपर्यंत पंप बंदच असतो. जंगल असं शांत की शेकणाऱ्यांचं खोकणंही ऐकू येत होतं.

दुचाकी आली. मग एक आवाज आला, "भेटलं बाप्पा ऑइल." माझा हात होता तिथंच थांबला. तो बाबांचा आवाज होता. बाबा या रस्त्याला कधीच नव्हते. मालकानं त्यांना दुसरी गाडी देऊन इकडे लावलंय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी खाली पडले होते ती गाडी माझ्याच बापाची होती.

शेकणाऱ्यांतला एक म्हणाला, "भाऊ, तुमच्या गाडीखाली बाई घुसली हाय. पाह्यलं का?"

दुसरा म्हणाला, "काय जमाना आला. बाईमानसानं काय काय करा लागते."

माझा जीव कानात आला होता. मग बाबा म्हणाले, "हिचा बाप कसा असन? पोरीले अशा कामाले धाडते. माही पोरगी ऑफिसात हाय, पंख्याखाली बसते."

मला वाटलं, वरचा सगळा दगड आता अंगावर आला तर बरं. रडू येत नव्हतं. नुसते कान तापले होते. मी तोंडावरची ओढणी आणखी आवळली आणि मनातल्या मनात म्हणत राहिले, बाबा जा, चहा प्यायला जा, कुठंही जा, पण इथून जा. ज्या माणसाची मी आयुष्यभर वाट पाहिली, दारात हॉर्न वाजला की जेवतं ताट सोडून धावले, तो निघून जावा म्हणून मी देवाला विनवत होते. या गोष्टीची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त आहे.

तेवढ्यात ऑटो आला. जाऊ उतरली आणि तिनं बाबांना पाहिलं. तिच्या पोटात काही राहत नाही. "अहो बाबा, तुमी? तुमची होय का हे गाडी?" आणि बाबा काही बोलायच्या आत वाकून मला हाक मारली, "बाहीर ये वो. तुह्ये बाबा हायेत."

बाहेर यावंच लागलं. आधी पाय, मग मी. ओढणी सोडली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग परत माझ्याकडे. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. शेकोटीपाशी एकजण हसला आणि म्हणाला, "भाऊ, हेच का तुमचं ऑफिस?"

बाबा पलीकडे जाऊन किलोमीटरच्या दगडावर पाठ करून बसले. मी "बाबा" म्हणून एकदा हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही.

काम मात्र करणं भाग होतं. औषध वाळलं तर परत सगळं खरवडावं लागतं. मी पंप चालू केला आणि गन घेऊन खाली गेले. बापाची पाठ समोर, चार गडी बघताहेत, आणि मी त्याच्या गाडीचं काळं अंगावर घेतेय. इतक्या निगुतीनं मी कुठलीच गाडी धुतली नसेल. धुरा असा निघाला की त्यावर कंपनीचे आकडे वाचता येत होते. मिस्त्रीभाऊंनी खाली पाहिलं, फडक्यानं पुसलं, आणि थोड्या वेळानं बोट दाखवलं. ऑइल अडवणाऱ्या सीलच्या कडेनं ताजा थेंब धरत होता. "सापडलं," म्हणाले, आणि सील बदलायला बसले.

मी पाइप गुंडाळायला लागले. तेव्हा बाबा उठून आले. मला वाटलं, आता बोलतील. हात उगारतील असंही क्षणभर वाटलं, लहानपणी कधी उगारला नव्हता तरी. त्यांनी माझ्या हातातून पाइप घेतला, गन पिळून काढली आणि जाऊला म्हणाले, "बाई, पानी सोडा. हळू सोडा." मग मला म्हणाले, "चप्पल काढ."

"बाबा, काऊन?"

"काढ मनलं ना."

ते डांबरावर उकिडवे बसले. आमच्याच डब्यातला साबण घेतला आणि माझा पाय धुवायला लागले. पाणी बर्फासारखं गार होतं. मी म्हटलं, "बाबा, राहू द्या, लोक पाहून राह्यले." ते म्हणाले, "पाहू दे." घोट्यापासून बोटांपर्यंत एकेक बोट चोळत होते. सगळे डायवर उठून उभे राहिले होते. हसणारा आता हसत नव्हता. बाबांनी वर न पाहताच त्यांना सांगितलं, "हिचा बाप कसा असन मनलं होतं ना मी? मीच होय."

मला हुंदका आला. मी म्हटलं, "बाबा, खोटं सांगतलं मी तुमाले."

मग ते फक्त मला ऐकू येईल असं बोलले. "वास तर पह्यल्याच बारीले आल्ता माय. तीस वर्सं त्याच वासात झोपलो. मेंदीनं थोडीच जाते तो."

"मग बोलले काऊन नाई?"

बाबा टाचेच्या भेगेतलं काळं नखानं काढत होते. ते निघत नव्हतं. "तुले लाज वाटे," ते म्हणाले, "आन् मलेई वाटे."

एवढंच. दुसऱ्या कुणी बाप सांगेल की मला कधीच लाज वाटली नाही. माझ्या बापानं ते सांगितलं नाही आणि मी त्यांच्यावर रागावूही शकले नाही. गाडी दुरुस्त झाली. ते केबिनमध्ये चढले, हॉर्न वाजवला आणि गेले. जाऊनं आणि मी मशीन परत ऑटोत चढवलं. माझे पाय घोट्यापर्यंत उजळ आणि वरचं सगळं अंग काळं होतं.

परवा माहेरी गेले. मेंदी काढली नाही. वाटलं होतं, रस्त्यावर चारचौघांत जे बाबा बोलले ते घरीही बोलले असतील. शेजारची बाई सुपारी मागायला आली होती. तिनं विचारलं, पोरगी कुठी असते आता? आई कमरेवर हात ठेवून जेवढं होता येईल तेवढं ताठ झाली. "ऑफिसात असते वो बाई. बसून काम." मग बाबांकडे वळून म्हणाली, "सांगा ना, पंखा हाय ना तिथी?"

बाबा जेवत होते. त्यांनी आईच्या कमरेकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मी दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

"हाय," बाबा म्हणाले. "जुना हाय."