एका थेंबाचा श्रावण

ज्या वर्षी माझ्या डोळ्यांतले पाणी आटले, त्या वर्षी हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात पाऊस मात्र उत्तम झाला होता. विहिरी काठोकाठ भरल्या होत्या, ओढे वाहत होते, आणि माझ्याच पापण्यांखाली वाळू पसरल्यासारखी खुपत होती. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षे झाली असावीत. मी पाठशाळेत वाढलेला मनुष्य. संस्कृत शिकवण्याची नोकरी संपल्यावर माझ्याकडे एकच सेवा उरली होती. आषाढातल्या एकादशीपासून श्रावण वद्य चतुर्दशीपर्यंत गावच्या मंदिरात रोज सायंकाळी मी पोथी वाचत असे. आमच्याकडचा नियम असा की ज्याने पोथी उघडली, त्यानेच ती मिटायची. मधेच वाचक बदलला तर 'पोथी अडकली' असे म्हणतात, आणि अडकलेल्या पोथीची आठवण गाव पुढची कित्येक वर्षे विसरत नाही.

पाने वाचू लागलो की थोड्याच वेळात अक्षरे तरंगू लागत. डोळे चोळावे तर आग अधिक. शेवटी पोथी उघडण्याच्या आदल्या दिवशी जीपने हिंगोलीला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. घरी पिढ्यान्‌पिढ्या उर्दू बोलणारे घराणे, परंतु मराठी आपल्या मातीतली. त्यांनी पापणीच्या कडेला कागदाची बारीक पट्टी अडकवली, थोडा वेळ थांबल्या, आणि पट्टी काढून माझ्यापुढे धरली. ती जवळजवळ कोरडीच होती.

"गुरुजी, तकलीफ हीच आहे. तुमच्या डोळ्यांत पाणी बनतच नाही बराबर."

त्यांनी एक लहानशी बाटली लिहून दिली. दुधासारखे पांढरट औषध होते ते. हे औषध उसने पाणी देत नाही, बुजलेला झरा हळूहळू मोकळा करते, तेव्हा गुण यायला वेळ लागेल आणि आरंभी थोडे चुरचुरेल, असे त्यांनी सांगितले. सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत घालायचे होते. मी मान डोलावली आणि घरी आलो. किती घालायचे ते त्यांनी सांगितलेही असेल; परंतु पात्रातून थेंब घ्यायचा म्हटले की माझ्या हाताला जन्मभराचे एकच माप ठाऊक होते. आचमनाला केशव, नारायण, माधव अशी तीन नावे आणि तीन घोट. मी त्याच मापाने प्रत्येक डोळ्यात तीन-तीन थेंब घालू लागलो. पूर्वेकडे तोंड करून बसावे, एकेका नावासरशी एकेक थेंब सोडावा, आणि गालावर जे ओघळेल ते तीर्थाप्रमाणे बोटाने टिपून मस्तकाला लावावे. बाटली मी देवघरात समईजवळ ठेवली होती. औषध जितके पवित्र, तितके गुणकारी, यात मला संशय नव्हता.

संध्याकाळचे थेंब मी मंदिराच्या पायरीवर घालून लगेच पोथीपुढे बसत असे. त्यामुळे नमनाचे श्लोक म्हणता म्हणता दोन्ही गालांवरून धारा लागत. श्रोत्यांत गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची एक वृद्ध बाई नेमाने खांबाशी बसत असे. तिने पहिल्याच दिवशी शेजारणीला कोपराने डिवचले.

"बघ, बघ! पोथीला हात लावला न्हाई लावला तर महाराज रडून राहिले. याला म्हणतात भाव!"

मला संकोच झाला. परंतु कथेच्या मधे औषधाचा खुलासा करणे प्रशस्त वाटले नाही. पाहता पाहता श्रोते वाढले. एके दिवशी त्या बाईने मला पायरीवर बाटली उघडताना पाहिले आणि तत्काळ तीर्थासाठी करावी तशी ओंजळ पुढे केली. पुढे केलेली ओंजळ रिकामी परत पाठवण्याची रीत आमच्या घराण्यात नाही. मी तिच्या तळहातावर एक थेंब सोडला. तिने तो डोक्याला लावला आणि तृप्त होऊन खांबाशी जाऊन बसली.

आषाढ संपायच्या आतच बाटली संपली. गुण म्हणाल तर काडीचा नाही. जे औषध डोळ्यांत राहायचे, ते गालावरून उपरण्यात उतरले होते. मंदिराचा भोंगा सांभाळणारा एक शेतकरी होता, मोठा विनोदी गृहस्थ. मी एका ओळीवर दोनदा अडखळलो, तसा तो पोथी सुटल्यावर जवळ आला.

"गुरुजी, काळजी करू नका. मी पोथीची कॅसेट आणून ठेवलीय हिंगोलीहून. तुमचे डोळे थकले की बटन दाबतो. कॅसेटीला चष्मा बी लागत न्हाई अन् चहा बी लागत न्हाई."

मंडळी हसली. मीही हसलो. परंतु घरी येताच मी उद्याच्या जीपचे पैसे काढून ठेवले. आपण उघडलेली पोथी यंत्राने मिटायची, हे मला सोसण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हिंगोली गाठली. औषधाच्या दुकानात त्या औषधाची एकच बाटली शिल्लक होती. दुकानदार म्हणाला, "माल नांदेडहून येतो. आता पोळ्याच्या आधी काही खरं नाही." म्हणजे सबंध श्रावण या एकाच बाटलीवर काढायचा होता. मी ती उराशी धरून डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि म्हणालो, "औषध फार लवकर संपते. यात भर घालता येईल का?"

"भर नका घालू. आधी तुम्ही कसं घालता ते दाखवा मला." त्यांनी डोळे धुण्याच्या साध्या पाण्याची एक नळी माझ्या हाती दिली.

मी खुर्चीत बसल्या बसल्या पूर्व दिशा विचारून घेतली. तोंड तिकडे वळवले, तीन नावे घेतली, तीन थेंब सोडले, ओघळ टिपून मस्तकी लावला. बाईंनी पदर तोंडाला लावला. तरी हसू आवरेना.

"गुरुजी, हा अभिषेक झाला! डोळ्यात एक थेंब पण पुरा मावत नाही. दुसरा टाकला की तो पहिल्याला बाहेर ढकलतो. तिसरा दोघांना घेऊन जातो. आणि कुणाला दिलं तर नाही ना यातलं?"

मी ओंजळीची हकीकत सांगितली. त्यांनी कपाळाला हात लावला.

"डोक्याला लावलं म्हणून वाचली. एकाचं औषध दुसऱ्याच्या डोळ्यात कधी जायला नको."

मग त्यांनी मला शिष्य केले. हात स्वच्छ धुवावेत. मान मागे टाकून वर पाहावे. खालची पापणी बोटाने हलकेच ओढून तिची खोबणी करावी, आणि तीत एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला वा बोटाला शिवू देऊ नये. इथे मी प्रसन्न झालो, कारण सोवळे पाळण्यात मला कोण शिकवणार! त्यानंतर डोळा अलगद मिटून, नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोट दाबून धरावे, म्हणजे औषध घशाकडे न उतरता जागीच राहते.

"किती वेळ?" मी विचारले.

"एक-दोन मिनिटं. घड्याळ बघायला डोळे उघडू नका मात्र."

"दहा वेळा गायत्री म्हटली तर?"

"बराबर होईल. ओठ हलवा, पापण्या नका हलवू." मग त्यांनी बोट उगारले. "टोपण लगेच लावा. समईजवळ ठेवू नका, गरम होतं. एखाद्या वेळी राहिलं तर पुढच्या वेळी दुप्पट नाही घालायचं. आणि उघडल्यापासून एक महिना झाला की उरलेलं फेकायचं. जपून वापरायचं म्हणजे जपून ठेवायचं नाही."

हे शेवटचे वाक्य मला इतके आवडले की परतीच्या जीपमध्ये मी ते मनाशी घोळवीत होतो.

श्रावणाच्या प्रतिपदेला मी नवी बाटली उघडली. आरंभी थेंब पडण्याआधीच माझा डोळा मिटे, म्हणून पत्नीने सूत्रे हाती घेतली. तिने मला बाजेवर उताणे निजवले.

"वर बघा. अहो, माझ्याकडं काय बघून राहिलात? आढ्याकडं बघा. जाळं दिसतंय का तिथं?"

"धूसर दिसते."

"दिसू लागलं की सांगा. तुमच्याच हाती झाडू देते."

थेंब बरोबर खोबणीत पडला. मी नाकाच्या मुळाशी बोट दाबून गायत्री म्हणू लागलो. ती म्हणाली, "संध्येत नाक धरता, आता औषधालाही नाक धरता. देवाला वाटायचं, हा माणूस वासालाच भितोय." मला हसू आले, पण पापण्या हलू दिल्या नाहीत. चार-सहा दिवसांत माझा मलाच थेंब घालता येऊ लागला. संध्याकाळचा थेंब मी आता घरीच, निघण्यापूर्वी घालत असे. गालावर ओघळ नाही, उपरण्यावर डाग नाही. बाटली हातात घेतली की तिचे वजन कालच्याइतकेच भासे.

परंतु मंदिरात निराळेच संकट उभे राहिले. माझे गाल कोरडे पाहून श्रोते हळहळू लागले. तांड्यावरच्या बाईला तर राहवेना.

"महाराज, रागावू नका. काहून न्हाई रडून राहिले तुमी? भाव कमी झाला का?"

भोंगेवाल्याने लगेच संधी साधली. "आजी, रडायचंच न्हाई तर मग कॅसेट काय वाईट? ती बी रडत न्हाई."

या वेळी मी औषधाची सर्व हकीकत सांगून टाकली. भोंगेवाला पोट धरून हसला. बाई हसली नाही. ती म्हणाली, "असं कसं? औषध आमच्या डोळ्यात तर न्हवतं. आमी रडलो ते?"

पुढे देवाच्या वियोगाचा अध्याय आला. गर्दी मोठी होती, सगळ्यांच्या दृष्टी माझ्या चेहऱ्यावर. दुपारी माझ्या मनात येऊन गेले की आजच्यापुरते पायरीवर बसून डोळ्यांत दोन थेंब अधिक सोडावे. तेवढ्याने श्रोत्यांची इच्छा पुरी होईल. बाटली काढलीही. मग चतुर्दशी आठवली, आणि टोपण लावून ती खिशात टाकली. त्या संध्याकाळी कोरड्या गालांनी तो अध्याय वाचला. खांबाशी नेहमीप्रमाणे पदर डोळ्यांना लागलेले दिसले. आणि लक्षात आले की ते मला पोथीवरून नजर उचलताच स्पष्ट दिसले होते.

चतुर्दशीला सकाळी बाटली दाबली तर आधी नुसती हवा फुसफुसली. दुसऱ्यांदा दाबली, आणि थेंब आला. संध्याकाळीही आला. त्या दिवशी शेवटचा अध्याय मी कुठेही न अडखळता वाचला. अक्षरे आपापल्या जागी उभी राहिली. पोथी मिटली, रेशमी वस्त्रात बांधली, नमस्कार केला. भोंगेवाल्याने खिशातून कॅसेट काढून सर्वांना दाखवली. "वरचा कागद बी फाडला न्हाई, गुरुजी. दुकानदार वापस घेतो का बघतो."

तांड्यावरची बाई पाया पडायला वाकली. उठताना म्हणाली, "महाराज, येत्या साली बी तुमीच वाचा. रडायचं आमच्याकडं लागलं."

दुसऱ्या दिवशी पोळा. सकाळीच नवी बाटली जीपवाल्याबरोबर घरी आली. जुनीच्या तळाशी पांढरे काही दिसत होते, आणि ते टाकताना माझा हात क्षणभर निर्माल्याच्या परडीकडे वळला. "तिकडं नको, कचऱ्यात," पत्नी म्हणाली. मी आज्ञा पाळली. बैलांची मिरवणूक दारावरून गेल्यावर मी हात धुतले, नवे टोपण उघडले आणि बाजेवर बसून मान मागे टाकली.

"वर बघा," ती सवयीने म्हणाली.

पाहिले. आढ्याला जाळे होते, मध्यभागी कोळी बसला होता, आणि त्याचा एकेक पाय मला वेगळा दिसत होता. मी थेंब सोडला, आणि गायत्री पुरी होईपर्यंत हे तिला सांगितले नाही.