मीटररावांचं घर

वायरमनला सगळी आळी मीटरराव म्हणायची आणि त्याला त्याचा रागही नव्हता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात दिवे लावले, तेव्हा कुठे स्वतःचं घर झालं. ते मात्र त्याने हट्टाने असं बांधलं की वर्षभरात जेवढी वीज वापरायची, तेवढी छपरावरच्या सोलर पॅनेलनी परत द्यायची. भिंती जाड, खिडक्यांना दुहेरी काचा, गरम पाण्याच्या टाकीला जाड गोधडी. बायको म्हणायची, माझ्यापेक्षा टाकीचेच लाड जास्त.

पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं. दुसऱ्या वर्षी जमत आलं होतं, तोच बायकोची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं आणि दिवसरात्र लावून ठेवायला बजावलं. मीटरचा आकडा चढू लागला. वायरमन तिला एका शब्दाने बोलला नाही, हे खरं. पण रोज संध्याकाळी चपला काढायच्या आधी तो मीटरसमोर उभा राहायचा आणि सुस्कारा सोडायचा. माणूस वाईट नव्हता हो. तो सुस्कारा आतल्या खोलीत ऐकू जातो, एवढंही त्याच्या डोक्यात आलं नाही.

महिन्याभराने रोजच्या वापराचा आकडा उतरू लागला. मशीन कमी लागतंय, म्हणजे तब्येत सुधारतेय, असा अर्थ त्याने लावला. तिचा चेहरा काही वेगळंच सांगत होता, पण याचा विश्वास माणसांपेक्षा मीटरवर. परगावच्या मुलीला त्याने आनंदाने फोन केला आणि येण्याची घाई करू नकोस म्हणून सांगितलं.

दवाखान्यात हलवलं तेव्हा उशीर झाला होता. तो कामावर गेला की ती मशीन बंद करून खिडकीशी बसायची, हे तिने तिथे स्वतःच सांगितलं.

"वर्ष भरायला तीनच महिने राहिले होते," ती धापा टाकत म्हणाली. "म्हटलं, काढू कसेबसे. तुमचं एकदा तरी जमू दे."

चौथ्या दिवशी ती गेली.

मुलगी आली ती आधी रडली नाही, भांडली. रोज मीटर बघता, मग तुम्हाला दिसलं कसं नाही, असं तिने विचारलं. वायरमन पायरीवर टेकला.

"दिसत होतं गं," तो म्हणाला. "रोज दोन-अडीच युनिट कमी. ते बघून मला फार बरं वाटायचं."