पहिली स्प्रिंग

अर्धांगाचा झटका आला आणि माझ्या बायकोचा उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एक रबरी चेंडू दिला, दिवसातून तीनदा दाबा म्हणाल्या. तिनं दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून बाहेर टाकला. "मी काय तान्ही आहे का?" जीभ जड झाली होती, पण एवढं वाक्य स्वच्छ आलं.

सुट्टीत येऊन गेलेल्या नातीची बंदूक दिवाणाखाली राहिली होती. खेळण्यातलीच, फोमच्या बोटभर गोळ्या उडवणारी. मागचा दट्ट्या ओढला की आतली स्प्रिंग दबते, घोडा दाबला की हवेच्या जोरानं गोळी सुटते. एका दुपारी बायकोनं ती गुडघ्यांत धरली आणि उजव्या हातानं दट्ट्या ओढत बसली. बराच वेळ ओढला. मग म्हणाली, "अहो, बाजूला व्हा."

मी झालो नाही. गोळी माझ्या पोटाला लागली. आजारपणानंतर ती पहिल्यांदा हसली. "चाळीस वर्षं सांगतेय, बाजूला व्हा म्हटलं की व्हावं माणसानं."

त्या दिवसापासून तोच तिचा व्यायाम. आमच्या झोटवाड्याच्या घरात कोटा फरशी आहे. तिच्या खुर्चीपासून दारापर्यंत चौदा फरशा. गोळी अकरावीवर पडायची. ती रोज मोजायची.

इथं मी थांबायला हवं होतं. पण मी चौथी शिकलेला माणूस, भुसावळहून इथं, हिंदी मुलखातल्या रेल्वे वर्कशॉपात आलेला फिटर. वॅगनच्या स्प्रिंगा तपासण्यात माझा जन्म गेला. दाबायची, सोडायची, उंची मोजायची. पुन्हा तेवढीच उभी राहिली तर पास, नाही तर भंगारात. माझ्या हातून पास झालेली स्प्रिंग कधी परत आली नाही, हे मी कुणालाही सांगतो. तेव्हा मला वाटलं, भार वाढवला की हात लवकर सुधारेल. बाजारात स्प्रिंग वळून देणारा एक आहे, त्याला नमुना दाखवला, म्हटलं, तार जाड घे.

"बाऊजी, इससे चिड़िया मारोगे क्या?" तो म्हणाला.

नवी स्प्रिंग बसवली. गोळी थेट दाराला लागली. मी खूश. तिनं चार दिवस दात ओठ खाऊन ओढली. पाचव्या दिवशी खांदा सुजला आणि हात वर होईना. व्यायामाच्या बाई मला बोलल्या, आणि मी ऐकून घेतलं, हे माझ्या बाबतीत क्वचितच घडतं. दहा दिवस हात गळ्यात बांधलेला. नंतर पहिली, कारखान्याची स्प्रिंगसुद्धा तिला ओढवेना. बंदूक नुसती मांडीवर घेऊन बसली.

मग मी पातळ तारेची स्प्रिंग वळवून आणली. दट्ट्या आला, पण गोळी पाचव्या फरशीवर पडणार. म्हणजे स्प्रिंग बदलल्याचं तिला कळणार. मला वाटलं, नळी लांब केली की मार लांब जाईल. तोफेची नळी लांबच असते. ती दुपारी झोपली की मी गच्चीवर जायचो, खडूनं रेघा मारायचो आणि लांब नळी लावून एकेक गोळी सोडायचो. गोळी आणखीच अलीकडे पडली. एक तर नळीच्या तोंडाशीच अडकून राहिली. मी चिडून नळी चार बोटं कापली, आणि गोळी पुढं गेली. आणखी दोन बोटं कापली, आणखी पुढं. तेव्हा डोक्यात शिरलं. स्प्रिंग मऊ असली की हवेला जोर थोडा, लांब नळीत तो घासण्यातच संपतो. बाहेरचं नारिंगी प्लास्टिक तसंच होतं, आतली नळी किती राहिली ते वरून दिसत नव्हतं.

"नववी," ती म्हणाली.

"तीच स्प्रिंग आहे," मी म्हणालो. "हात येतोय तुझा."

पुढं तिला ओढायला जड जातंय असं वाटून मी तिच्या नकळत आणखी दोनदा मऊ स्प्रिंग बसवली आणि दोनदा नळी कापली. गोळी आठवी-नववीच्या खाली येऊ दिली नाही. मनातून मला त्याचा अभिमान वाटायचा.

दिवाळीनंतर एकदा तिनं बंदूक माझ्यापुढं धरली. "पूर्वी खाडकन वाजायची. आता फुस्स करते."

"ग्रीस लावलंय."

"ग्रीस," ती म्हणाली. "तुम्ही गच्चीवर काय करता ते मला ऐकू येतं. कान गेलेले नाहीत माझे." मग म्हणाली, "पहिली घाला. बघू दे मला."

मी म्हणालो, ती आता बसत नाही. ते खोटं होतं. ती डब्यात होती, दहा मिनिटांचं काम. तिनं पुन्हा दोन-तीनदा मागितली. मी विषय बदलला, एकदा ओरडलोसुद्धा. मला भीती वाटत होती की ओढताना तिचा चेहरा पडेल. पण हात तिचा होता, आणि त्यात किती उरलंय ते बघायचं तिनं ठरवलं होतं.

थंडीत दुसरा झटका आला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेराव्यानंतर मुलगी घर आवरत होती. म्हणाली, "बाबा, आईच्या उशाचा पाण्याचा पेला उजवीकडं कसा? तुम्ही तर डावीकडं ठेवायचात ना?"

मी डावीकडंच ठेवायचो, तिच्या चांगल्या हाताशी. ती जायच्या आधी महिनाभर तो रोज सकाळी उजवीकडं सापडायचा आणि मी तो उचलून पुन्हा डावीकडं ठेवायचो.

परवा मी पहिली स्प्रिंग बंदुकीत बसवली, तिच्या खुर्चीत बसलो, बंदूक गुडघ्यांत धरली. दट्ट्या ओढला. फार जड नाहीये ती. भरलेल्या पेल्यापेक्षा जड आहे, पण फार नाही. मी घोडा दाबला नाही. स्प्रिंग तशीच दाबलेली ठेवून बसलो. असं ठेवू नये, तिची उंची जाते, हे मीच कितीजणांना शिकवलंय.